यंत्राबरोबरचा कागद

रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरांत नवी यंत्रे येतात ती बहुधा गणपतीला, नाहीतर मे महिन्यात. मुंबईचा मुलगा इन्व्हर्टर, गिझर, रक्तदाबाचे यंत्र घेऊन येतो, जोडून देतो, "हे बटण दाबायचं, बाकी कशाला हात लावू नका" एवढे सांगतो आणि परतीची गाडी पकडतो. 2011च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. यंत्र विकत घेणारा एक आणि वर्षभर ते चालवणारी दुसरी, ही इथली रीतच झाली आहे. त्या दुसरीशी बोलण्याचे काम माहितीपत्रकाने करायचे असते, आणि तेच ते करत नाही.

ही तक्रार जुनी आहे, थोडी चेष्टेचीही. मायक्रोवेव्हचे घड्याळ लावता आले नाही म्हणून कोणाचे अडत नाही. रक्तदाबाचे मात्र तसे नाही. पडद्यावर एकाखाली एक तीन आकडे, शेजारी इंग्रजी अक्षरे. डॉक्टर फोनवर "खालचा किती?" विचारतात, आणि सगळ्यांत खाली दिसतो म्हणून नाडीचा आकडा सांगितला जातो. पट्टा हृदयाच्या पातळीवर हवा, आधी पाच मिनिटे स्वस्थ बसायला हवे, हे पत्रकात असते खरे; पण हमीच्या अटी आणि परदेशी प्रमाणपत्रांच्या खुणा यांच्या गर्दीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीवर "कोरड्या जागी ठेवा" असते. जुलैत भिंतींना बुरशी धरते त्या घरात कोरडी जागा कोणती? पट्टी काढली की झाकण तिथल्या तिथे घट्ट लावा, ही एक ओळ मोठ्या अक्षरांत असती तर तिचा उपयोग होता.

याहून मोठा धोका वीज गेल्यावरचा. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, तेव्हा दापोली-मंडणगडातली कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी कुठून तरी जनरेटर आणला जातो. पाऊस लागू नये म्हणून तो बंद खोलीत ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो. चेंजओव्हर स्विच न बसवता घरच्या बोर्डात वीज सोडली तर ती उलटी तारेवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते. या दोन गोष्टी यंत्राच्या अंगावरच, मराठीत, ठळक छापलेल्या हव्यात. प्रत्यक्षात आता कागदच गायब होऊ लागला आहे. क्यूआर कोड स्कॅन करा म्हणे! वादळात विजेपाठोपाठ मोबाइलचे टॉवरही जातात. निसर्गच्या वेळी गेलेच होते. सूचना लागते नेमकी त्याच घडीला ती मिळणार नाही, अशी ही सोय.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019च्या कलम 84 नुसार, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिलेला नसेल, तर होणाऱ्या हानीला उत्पादक जबाबदार धरला जातो. कलम 87 मध्ये त्याला एक वाटही ठेवली आहे: जो धोका उघड किंवा सर्वांना ठाऊक आहे, त्याचा इशारा दिला नाही म्हणून तो दोषी ठरत नाही. बंद खोलीतल्या जनरेटरचा धोका सर्वांना ठाऊक आहे, असे उद्या एखाद्या कंपनीचा वकील बिनदिक्कत म्हणेल.

सूचना कोणत्या भाषेत असाव्यात, याबद्दल कलम 84 काही बोलत नाही. वेष्टनावरच्या सक्तीच्या माहितीसाठीही 2011चे नियम हिंदी किंवा इंग्रजी एवढेच मागतात; मराठी दिली तर चालते, दिलीच पाहिजे असे नाही. वापरणारीला वाचताच न येणारी सूचना पुरेशी कशी मानायची, हा प्रश्न रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे कोणीतरी न्यायला हवा. 5 लाखांपर्यंत किमतीच्या वस्तूबद्दलच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. बिलाबरोबर ते न वाचलेले पत्रकही मात्र जपून ठेवलेले हवे, कारण या दाव्यात पुरावा म्हणून तेच मांडावे लागेल.