मुंबईच्या तेलामागचे नाशिकचे पाणी

१/ तेलाचा इतिहास आपण विहिरी, जहाजे आणि युद्धे यांतून वाचतो. त्यात पाण्याचे प्रकरण सहसा नसते. ते प्रकरण नाशिक जिल्ह्यातून सुरू होते.

२/ त्र्यंबकच्या डोंगरांत दोन नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेला जाते, वैतरणा पश्चिमेला. गोदावरीकाठी कुंभमेळा भरतो. वैतरणा मुंबईची तहान भागवते. तिच्यावरील मोडक सागर १९५७ मध्ये, तर इगतपुरी तालुक्यातील ऊर्ध्व वैतरणा धरण १९७३ मध्ये पूर्ण झाले.

३/ त्याच काळात मुंबईच्या ट्रॉम्बे परिसरात तेलशुद्धीकरण उभे राहिले : १९५४ मध्ये स्टॅनव्हॅक, १९५५ मध्ये बर्मा-शेल. राष्ट्रीयीकरणानंतर त्यांचेच हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले.

४/ तेलाला पाणी कशाला? कच्च्या तेलातील क्षार आधी पाण्याने धुवावे लागतात. मग ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात वाफ सोडावी लागते. शेवटी तापलेली उत्पादने निववावी लागतात. निववण्याचे काम काही अंशी खाडीचे पाणी करू शकते. बॉयलरला मात्र गोडेच पाणी लागते.

५/ भर समुद्रात चित्र वेगळे आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचा साठा शोधला. उपशाने घटणारा दाब टिकवण्यासाठी तेथे समुद्राचेच पाणी गाळून, त्यातील प्राणवायू काढून, भूगर्भात सोडले जाते. जिथे खारे पाणी चालते, तिथे उद्योगाने ते वापरले.

६/ वैतरणा, तानसा, भातसा यांचे पाणी मुंबईत एकत्र येते. कोणता थेंब कोणत्या बॉयलरमध्ये गेला, हे सांगता येणार नाही. प्रश्न थेंबाचा नाही, अग्रक्रमाचा आहे. धो धो पावसाच्या इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. दुसरीकडे, मुंबईत शुद्ध झालेले इंधन नळवाहिनीने घाट चढून मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोत पोहोचते. त्याच मनमाडकरांनी मात्र नळाच्या पाण्यासाठी अनेक वर्षे पंधरा-पंधरा दिवस वाट पाहिली.

७/ आक्षेप येईल : शहराच्या एकूण पुरवठ्यात या कारखान्यांचा वाटा लहानच असणार. मान्य. पण पाड्याची गरज त्याहूनही लहान असते, तरी तीच शिल्लक राहते. शिवाय पर्याय सिद्ध झालेला आहे. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने शहराचे सांडपाणी शुद्ध करून कारखान्यात वापरून दाखवले आहे.

८/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. शुद्धीकरण प्रकल्पांनी धरणाचे पाणी टप्प्याटप्प्याने सोडावे, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर यावे आणि पाण्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. धरणासाठी जमिनी देणाऱ्या तालुक्यांच्या पाणीयोजना त्या हिशेबाच्या पहिल्या ओळीत असाव्यात.

९/ आपण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही एक काम करावे. मुंबई हायची गोष्ट सांगताना ‘सागर सम्राट’सोबत वैतरणेचेही नाव घ्यावे. (समाप्त)