डॉक्टर झालात, अभिनंदन! पण सीएचबीच्या रांगेत किती वर्षं उभं राहणार?

मित्रांनो, आज जरा लांबलचक लिहितोय. ज्यांच्या घरात कोणी पीएच.डी. करतंय किंवा करायचं म्हणतंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

दरवर्षी दीक्षान्त समारंभ झाला की बातमी येते, एवढ्या जणांना पीएच.डी. प्रदान. आम्ही पत्रकार ती छापतो. गावात अभिनंदनाचे बॅनर लागतात. पण मागच्या पाच वर्षांत जे डॉक्टर झाले ते आज कुठे आहेत, काय करतात, किती कमावतात, हे त्या बातमीत कधीच नसतं. विद्यापीठ सांगत नाही आणि विचारत कोणी नाही.

मी सांगतो कुठे आहेत. आपल्या भागातले बरेचसे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत. पदवीच्या वर्गाला तासाला ९०० रुपये हा सरकारचा २०२३ चा दर. आठवड्याला नऊ तास धरले तर महिन्याला ३२,४०० होतात. तेही सगळे तास भरले तर! दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, परीक्षेचे दिवस कोरडे. पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील याची खात्री नाही. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. शेजारच्या खुर्चीवरच्या कायम सहायक प्राध्यापकाचं नुसतं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. वर्ग तोच, पोरं तीच, फळाही तोच.

यूजीसीनं २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० द्यावेत असं सांगितलं होतं. आपल्याकडे ते कागदावरच राहिलं.

बरं, नियम तरी स्थिर आहेत का? विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची करायचं यूजीसीनं २०१८ मध्ये ठरवलं. ती सक्ती २०२१ पासून लागू व्हायची होती, ती ढकलली २०२३ वर. आणि २०२३ उजाडल्यावर सांगितलं, पीएच.डी. ऐच्छिक, नेट-सेट ही किमान पात्रता. मधल्या काळात सक्ती येणार म्हणून ज्यांनी नोंदणी केली, त्यांनी कोणाकडे बघायचं? भरतीचंही तसंच. २०२१ मध्ये २०८८ जागांना मंजुरी मिळाली. मंजुरी आणि नेमणूक यात किती अंतर असतं ते रांगेतल्यांना विचारा. खासगी संस्थेत मुलाखतीच्या आधी कोणता आकडा सांगितला जातो, ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत आहे. इथे लिहीत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात अजित पवार म्हणाले की पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार. राज्यभर संताप झाला आणि तो रास्तच होता. जागा भरायच्या नाहीत आणि वर शिकलेल्यालाच हिणवायचं, हे चालणार नाही.

पण सरकारला शिव्या देऊन झाल्यावर एक गोष्ट आपल्या पोरांशीही बोलायला हवी. सीएचबी ही नोकरी नाही, ती वेटिंग रूम आहे. आणि तिथे बसलेलं असताना बाकीची दारं एकेक करून बंद होतात, हे कोणी सांगत नाही.

उदाहरणं घ्या. केंद्राची विज्ञानातली राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आहे, तिला साधारण ३५ ची वयोमर्यादा (राखीव प्रवर्ग आणि महिलांना सवलत). जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनची पोस्ट-डॉक फेलोशिप पीएच.डी. नंतर चार वर्षांच्या आतच मागता येते. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. पीएच.डी. होईपर्यंत तिशी गाठलेली असते. त्यात पाच वर्षं 'यंदा नक्की भरती निघणार' या आशेवर गेली, की हिशोब तुम्हीच करा.

दारं कोणती? विषयावर अवलंबून आहे. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांना वाळूजपासून तारापूरपर्यंतच्या औषध कंपन्यांत संशोधन आणि गुणवत्ता तपासणीचं काम आहे. विज्ञानवाल्यांना पेटंट एजंटची परीक्षा देता येते, आपल्याकडे ती फारशी कोणाला माहीतच नाही. कृषीवाल्यांना कृषी विज्ञान केंद्रं आहेत, जालन्याच्या बियाणे कंपन्या आहेत. मराठी, इतिहास, समाजशास्त्रवाल्यांची वाट अवघड आहे, खोटं कशाला बोलू? दर्शनिका विभाग, पुराभिलेख, वाईचं विश्वकोश मंडळ, सगळीकडे जागा मोजक्याच. पण सामाजिक संस्थांची सर्वेक्षणं, प्रकाशन, अनुवाद, आयसीएसएसआरची पोस्ट-डॉक फेलोशिप या वाटा आहेत. त्यांची तयारी प्रबंध सादर केल्यावर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सुरू करावी लागते. इंग्रजीत नीट लिहिणं, आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकणं, जिल्ह्याबाहेरच्या चार माणसांशी ओळख. गाईडनं हे सांगायला हवं. बरेच गाईड सांगत नाहीत, कारण त्यांनी स्वतः कॉलेजशिवाय दुसरं दार पाहिलेलंच नसतं.

आणि आपण समाज म्हणून काय करतो? पोरगं कंपनीत गेलं की म्हणतो, "एवढं शिकून शेवटी कंपनीतच ना?" सीएचबीवर असलं की लग्नाच्या बायोडाटात 'प्राध्यापक' लिहितो. या खोट्या मानापायी पोरं चाळिशीपर्यंत रांगेत उभी राहतात.

माझं म्हणणं थोडक्यात.

१. विद्यापीठांनी दरवर्षी विषयवार जाहीर करावं, पाच वर्षांपूर्वीचे पीएच.डी.धारक आज काय करतात. नोंदणीच्या दिवशीच तो कागद विद्यार्थ्याच्या हातात द्यावा.

२. सरकारनं रिक्त जागा भराव्यात. तोवर तासिकेला यूजीसीचा दर द्यावा आणि पैसे महिन्याला द्यावेत.

३. पोरांनो, सीएचबी करायचंच असेल तर स्वतःला मुदत घाला. दोन वर्षं, फार तर तीन. त्यानंतर दुसरं दार. यात हार मानण्यासारखं काही नाही. संशोधन करायला शिकलेला माणूस कुठेही संशोधनच करतो.

तुमच्या ओळखीत कोणी पीएच.डी. करून कॉलेजबाहेर चांगलं काम करत असेल तर कमेंटमध्ये लिहा. आणि जे अजून सीएचबीवर आहेत, त्यांनी किती वर्षं झाली तो आकडा लिहा. नाव नको, कॉलेज नको, फक्त वर्षं. विद्यापीठ यादी करत नसेल तर आपण इथूनच सुरुवात करू.