आकाशातून पडलेले कडे आणि महसुली मंडळ

इंग्लंडमध्ये गव्हाच्या शेतांत रातोरात उमटणाऱ्या वर्तुळांचा बोलबाला झाला, तेव्हा ती पाहण्यास दुरून लोक आले. १९९१ मध्ये डग बोवर व डेव्ह चोर्ली या दोघा वृद्धांनी, फळी आणि दोर घेऊन आपण ती उमटवीत होतो, असे सांगून टाकले. श्रद्धाळूंचे समाधान तरीही झाले नाही. विदर्भाच्या वाट्याला आलेले वर्तुळ मात्र धातूचे होते. २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्याच्या दिवशी, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे आकाशातून पडले. परिसरात धातूचे गोळेही सापडले. पोलिसांनी अवशेष ताब्यात घेतले, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणी करून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाचा तो भाग असावा, असे जाणकारांचे मत पडले.

ही तपासणी व्हावयासच हवी होती. परंतु तिच्यामागील न्यायतत्त्व पाहण्याजोगे आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने भूपृष्ठावर नुकसान केल्यास प्रक्षेपक राष्ट्राची जबाबदारी निरपेक्ष असते. त्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, त्यापोटी १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे ठरले. म्हणजे ते कडे धानाच्या बांधीत पडून पीक गेले असते, तर त्या एका बांधीच्या नुकसानीसाठी भारत सरकारला चीनकडे दावा मांडता आला असता.

त्याच बांधीवर त्याच आकाशातून अवकाळी पाऊस कोसळला तर? तेथे मोजमापाचे एकक शेत नव्हे, महसुली मंडळ! मंडळातील मोजक्या शेतांत पीक कापणी प्रयोग करावयाचे, त्यांची सरासरी काढावयाची, आणि ती उंबरठा उत्पन्नाखाली घसरली तरच विम्याचा दावा मान्य करावयाचा. ज्याचे सर्वस्व गेले त्याचे नुकसान शेजाऱ्याच्या उभ्या पिकात बुडविणारे हे गणित विमा कंपन्यांनाच सोयीचे आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयातील विमा गुंडाळला, त्याबरोबर स्थानिक आपत्तीसाठीची वैयक्तिक भरपाईही योजनेतून वगळली. कारण काय, तर बोगस अर्ज! चोर पकडण्याऐवजी घरमालकाचे कुलूप काढून नेण्याचा हा प्रकार.

साधने नाहीत, ही सबब चालणार नाही. राज्याचे सुदूर संवेदन केंद्र नागपुरातच आहे. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाची साधी छायाचित्रे निरुपयोगी ठरतात हे खरे. पण रडारची प्रतिमा ढगांतूनही मिळते, आणि बांधावर जाऊन पंचनामा करणारा तलाठी तर उपग्रहाहून कितीतरी जुना आहे.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते तेव्हा पूर्व विदर्भातील धान खळ्यावर आलेले असते. प्रत्येक मंडळात कापणी प्रयोग कोणत्या गावी, कोणत्या शेतात झाले, त्यांचे तक्ते कार्यकर्त्यांनी त्या वेळी मागावेत, आणि ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत.