सावलीला नावे ठेवण्यापूर्वी

आमच्या घरामागे फणसाचे जुने झाड आहे. "ह्याच्या सावलीत काही म्हणजे काही होत नाही. पाडूया आणि पेव्हर घालूया, दोन गाड्या राहतील," असे धाकटा भाऊ गेली दोन वर्षे म्हणतो आहे. १९८४ च्या कायद्याप्रमाणे झाड तोडायला परवानगी लागते, हे मी कारकुनी थाटात त्याला ऐकवतो. पण ते काही खरे उत्तर नव्हे. खरे उत्तर मिळाले ते थेट इंग्लंडातून!

आमची आतेबहीण स्विंडनला असते. तिकडे गोंयकार पुष्कळ. जानेवारीत तिने तिच्या परसातल्या हेलेबोरचा फोटो पाठवला. उघड्याबोडक्या झाडाखाली, ऐन थंडीत, मान खाली घातलेली जांभळट फुले. मान खाली म्हणून पावसात पराग भिजत नाहीत. आपण पाकळ्या समजतो ती खरे तर निदले, त्यामुळे फूल कित्येक आठवडे टिकते. बी पेरले तर पहिले फूल यायला दोन-तीन वर्षे थांबायचे. मातीत कुजलेला पाचोळा हवा, पण पाणी तुंबता कामा नये. झाड मात्र विषारी, हात लावला तर धुवायचे.

"मलाही पाठव," मी म्हटले. ती हसली. "दादा, त्याला थंडी लागते. आणि इथली झाडे हिवाळ्यात पाने गाळतात, तेव्हा त्याला ऊन मिळते. तुझा फणस पाने गाळतो का?"

मुद्दा इथेच आहे मंडळी! सावली एक नसते. तिने तिच्या सावलीला मानवेल ते लावले. आपण मात्र गुलाब लावतो, तो रोडावतो, आणि दोष देतो झाडाला.

आपल्या पूर्वजांना हे कोणी शिकवावे लागले नाही. कुळागर म्हणजे दुसरे काय? पोफळींच्या सावलीत केळ, मिरी, वेलदोडा, जायफळ. प्रत्येकाला आपापल्या वाट्याचे ऊन.

मग मीही फणसाच्या बुंध्यावर मिरवेल चढवली. न्हाणीचे पाणी जाते तिथे सोनटक्का. सावलीच्या कडेला हळद. सकाळचे तिरपे ऊन येते त्या पट्ट्यात अबोली. अबोलीचे तर पिकलेले बोंड भिजले की तडकते आणि बी स्वतःच दूर उडते, पुढची रोपे आपोआप!

सावली म्हणजे वाया गेलेली जागा, हा समज आधी डोक्यातून काढला पाहिजे. पेव्हर एका दिवसात बसतात. असा फणस व्हायला एक पिढी जाते.

यंदा चवथीच्या पातोळ्यांना हळदीची पाने विकत आणली नाहीत. भावाने चार पातोळ्या खाल्ल्या. पेव्हरचा विषय त्याने अजून सोडलेला नाही, पण त्या दिवशी काढलाही नाही.