शिळं पाणी

आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, शिळ्या भाताला फोडणी मिळते. शिळं पाणी मात्र थेट मोरीत! सकाळी नळाला पाणी आलं की कालचा हंडा ओतून द्यायचा आणि 'ताजं' भरून घ्यायचं...

पण मंडळी, हे ताजं पाणी येतं कुठून? पुण्यात मे महिन्यात नळाला येतं ते पानशेत, वरसगावच्या धरणांत साठवलेलं गेल्या पावसाळ्याचं पाणी. तिथे कित्येक महिने राहिलेलं चालतं, आणि आपल्या झाकलेल्या हंड्यात एक रात्र राहिलं की ते शिळं?

हंडा रोज घासायला माझी अजिबात ना नाही. स्वच्छता हवीच. पण आधी ते पाणी बादलीत काढा. फरशी पुसायला, कुंड्यांना, कपडे भिजवायला चांगलं चालतं. कालचं प्यायचं नसेल तर नका पिऊ, पण ओतू तरी नका!

थोडा हिशोब करू. घरटी रोज १० लिटर धरलं तर १०० घरांच्या सोसायटीत ५०० दिवसांत ५ लाख लिटर मोरीत जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तिच्यात साधारण एवढंच पाणी होतं. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती.

तेव्हा टाकायचीच असेल, तर ही 'शिळ्या पाण्याची' समजूत टाकू या. बघा पटतंय का!