जिवाणू तयार आहेत, आपला कचरा?

गरजेपेक्षा जास्त खाल्ले की शरीर त्याची चरबी करून ठेवते. काही जिवाणूही असेच करतात. साखर किंवा तेल भरपूर, पण नायट्रोजन वा फॉस्फरस कमी, अशी वेळ आली की त्यांची वाढ खुंटते आणि जास्तीचे अन्न ते पेशीत बारीक कणांच्या रूपात साठवतात. हे कण म्हणजे चक्क प्लास्टिक! फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेमॉन्य यांनी १९२६ मध्ये ते ओळखले. आज या गटातील प्लास्टिकला ‘पीएचए’ म्हणतात. मातीतले आणि समुद्रातले सूक्ष्मजीव ते खाऊन संपवतात.

मग शंभर वर्षांत ते आपल्या पिशव्यांपर्यंत का पोहोचले नाही? अडचण किमतीची आहे. १९९० मध्ये जर्मनीत या प्लास्टिकची शॅम्पूची बाटली बाजारात आली. पण खनिज तेलापासून बनणाऱ्या स्वस्त प्लास्टिकपुढे तिचा निभाव लागला नाही. जिवाणूंना शुद्ध साखर खाऊ घालायची, तर खर्चाचा मोठा वाटा त्यातच जातो. म्हणून संशोधक टाकाऊ पदार्थांकडे वळले.

महाराष्ट्रात अशा वेळी साखर कारखान्यांच्या मळीचे नाव पहिले निघते. पण मळी आता टाकाऊ कुठे राहिली? तिच्यापासून इथेनॉल होते, तिला भाव आहे. खरा टाकाऊ माल वेगळाच आहे: हॉटेलांतले तळून उरलेले तेल, पनीर काढल्यावरचे पाणी, भाजी मंडईतला पाला, घरचे खरकटे. ओला कचरा आंबवला की त्यातून सेंद्रिय आम्ले मिळतात आणि ती या जिवाणूंना चालतात.

मात्र खरकट्यात डायपर, बॅटऱ्या आणि काचा मिसळल्या, की तो निवडण्यातच सगळी बचत संपते. कचरा घरातच वेगळा करण्याचा नियम २०१६ पासून देशभर लागू आहे. तरी अनेक ठिकाणी वेगळा दिलेला कचरा पुन्हा एकाच गाडीत पडतो. नागरिकांचा उत्साह मावळतो तो इथेच.

त्यामुळे प्रयोगशाळांना निधी द्यावाच. पण नगरपालिकांनी आधी ओल्या कचऱ्याची वेगळी गाडी आणि वापरलेल्या तेलाचे संकलन नीट चालवावे. जिवाणूंनी आपले काम केव्हाच सुरू केले आहे. आपल्याला फक्त दोन डबे ठेवायचे आहेत, आणि ते शेवटपर्यंत वेगळे राहतील याची खात्री करायची आहे.