शोकगीते नकोत, आराखडे हवेत

फिल्म कॅमेऱ्यावरच्या मराठी ललित लेखांचा सूर आता पाठ झाला आहे: अंधारखोली, लाल दिवा, आजोबांचा याशिका, आणि शेवटी ‘काळ बदलला’ हा उसासा. आमचे भांडण या उसाशाशी आहे. काळ आपोआप बदलत नाही. कोणीतरी ताळेबंद पाहून तसे ठरवतो. याशिका आणि कॉन्टॅक्स हे कॅमेरे क्योसेराने २००५ मध्ये थांबवले. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने हा धंदाच सोडला आणि निकॉनने दोन वगळता आपले फिल्म कॅमेरे बंद केले. कॅननने शेवटच्या फिल्म कॅमेऱ्याची विक्री २०१८ मध्ये संपवली. जपानमधील त्याच्या दुरुस्तीची मुदतही ऑक्टोबर २०२५ अखेर सरली.

चिकलठाण्यात औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना कंपनीची प्रकृती हा ललित विषय वाटत नाही. याच शहरात वाढलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला, तेव्हा सपाट पडद्याचे संच दाराशी येऊन ठेपले होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उटीची सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स तर १९९६ मध्येच आजारी उद्योग ठरली होती. निर्माता खाटेवर पडतो. त्याची वस्तू मात्र धडधाकट असते, आणि एखाद्या दातेरी चक्रावाचून कपाटात जाते.

रिकोने २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा आणला, म्हणून काहींना पुनरुज्जीवनाची चाहूल लागली आहे. चांगले आहे. पण त्याचे सुटे भाग जुन्या निकॉनला बसणार नाहीत. आणि फिल्म पुरवणाऱ्या, २०१२ मध्ये एकदा दिवाळखोरीत गेलेल्या कोडॅकने २०२५ मध्ये आपल्या भवितव्याविषयी पुन्हा शंका नोंदवली आहे.

आपण साहित्याची माणसे, पाठचिकित्सा शिकवतो. इथून जवळच, पैठणला, एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती हाताशी पोथ्या होत्या म्हणून. प्रकाशनसंस्था बुडाली तरी पुस्तकाची झेरॉक्स निघते. कॅमेऱ्याची पोथी, म्हणजे त्याचे आराखडे आणि दुरुस्तीपुस्तिका, बहुधा बंद कपाटात राहते. इलेक्ट्रॉनिक मंडलांचे काम अवघड आहे, हे मान्य. परंतु यांत्रिक कॅमेऱ्याचे चक्र, खटका, दांडा इथल्या लहान वर्कशॉपांत आराखड्यावरून घडवता येईल. वाहनांचे सुटे भाग घडवणारे हात आहेत ते.

तेव्हा आमची मागणी साधी आहे: ज्या दिवशी दुरुस्ती थांबेल, त्या दिवशी आराखडे खुले व्हावेत. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, तेव्हा छायाचित्रावर हळवे लिहिणाऱ्या आमच्या बिरादरीने काय केले? काही नाही, आम्हीही नाही.

व्यापारी गुपिताचा आक्षेप येईलच. जी वस्तू कंपनी आता विकत नाही आणि दुरुस्तही करत नाही, तिचे गुपित कोणापासून राखायचे, एवढे आक्षेपकांनी सांगावे.